दोन किलोचं वाण

दिवाळी जवळ आली की माझा फोन मला भेटवस्तू सुचवायला लागतो. व्यायामाची आवड असलेल्या तुमच्या माणसाला काय द्याल, असं विचारतो आणि मग पावलं मोजणारं घड्याळ, गुंडाळून ठेवायची चटई, झाकणाला नळी असलेली बाटली, डब्यातली पावडर असं एकेक दाखवत जातो. नवीन वर्ष आलं की पुन्हा तेच. माझ्या पुण्याच्या भाच्याने एका दिवाळीत तसलं घड्याळ पाठवलंही होतं. मी शाळेत पीटी शिकवते, सकाळपासून ग्राउंडवर उभी असते, आणि ते घड्याळ मनगटावर थरथरून मला सांगायचं की बराच वेळ झाला, आता जरा उठून उभ्या राहा. थोडे दिवस ऐकून घेतलं, मग काढून कपाटात टाकलं. माणूस उभा आहे की बसलेला हे ज्याला ओळखू येत नाही, त्याच्याकडून मी तब्येतीचे सल्ले घेणार नाही.

व्यायाम करणाऱ्याला काय द्यावं, असं मला विचाराल तर मी एका शब्दात सांगेन: लोखंड. ते चार्ज करावं लागत नाही, शिळं होत नाही आणि गोड बोलत नाही. आज उचललं नाही तर नाही म्हणून सांगतं, उद्या उचललं तर गुपचूप वर येतं. पण लोखंड कुणी कुणाला भेट देत नाही. ते शनीचं. तवा, कढई, विळा आपला आपण विकत आणावा, दुसऱ्याच्या हातून घेऊ नये, ही समजूत आमच्या आर्णीत अजून घट्ट आहे. शनिवारी तर लोक लोखंड विकतसुद्धा घेत नाहीत. मी मुद्दाम शनिवारीच आणते.

हा मुद्दामपणा माझ्यात जन्मापासून आहे, असं माझी आई म्हणायची. आमचं घर कचेरीत नोकऱ्या करणाऱ्यांचं. आजोबा कारकून, वडील कारकून, काका कारकून, आणि सगळ्यांची मान खाली वाकलेली. त्या घरात मी गोळाफेक करणारी निघाले. लग्न केलं नाही. कुणी दगा दिला नाही, कुणाची वाट पाहिली नाही, फक्त केलं नाही. आता वय पन्नाशीच्या पुढे गेलंय, तरी लोक विचारताना आवाज बारीक करतात, जणू मला काही दुखणं आहे.

सगळ्यात मोठी पंचाईत संक्रांतीला होते. कुमारिका म्हणून जेवायला बोलवायचं माझं वय गेलं, सवाष्ण म्हणून बोलवायचं कधी आलं नाही, आणि विधवा म्हणून टाळायचीही सोय नाही. आमचं लेआउट, म्हणजे शेत मोडून पाडलेल्या प्लॉटांची वस्ती, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नुसतं हळदीकुंकवाने फुलून जातं. रोज एकीच्या घरी. संध्याकाळी बायका काठापदराच्या साड्या नेसून माझ्या फाटकासमोरून जातात आणि तासाभराने पिशव्या सांभाळत परत येतात. मी अंगणात बैठका मारत असते. त्या मला पाहून हसतात, मी त्यांना पाहून हसते आणि मोजणी चुकू देत नाही.

त्या पिशव्यांत काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्या येऊन दाखवतात. चहाची गाळणी. किसणी. साबणाची डबी. प्लास्टिकची टोपली. भांडी घासायची तारेची घासणी, तीही चमकीच्या कागदात. वर्षातून एकदा बाई बाईला भेट देते आणि त्यातही सांगते की जा, मोरीत जा. मी हे एकदा बोलून दाखवलं तर सगळ्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, मॅडम, तुमचं आपलं काहीतरीच.

त्या दुसऱ्या दिवशी येऊन दाखवत, कारण पहाटे त्या माझ्या अंगणात व्यायामाला येत. सुरुवात एकीच्या गुडघ्यांपासून झाली. मग दुसरीची कंबर आली, तिसरीचं पोट आलं, आणि बघता बघता अंगण भरलं. गाऊनवर ओढणी, पायात मुलाचे जुने बूट, डोक्याला स्कार्फ. डंबेल्स कुठून आणायचे? आर्णीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हापासून तराजूची जुनी लोखंडी वजनं दुकानांच्या कोपऱ्यात गंजत पडली आणि मग भंगारात गेली. भंगारवाल्याच्या ढिगात मला ती दिसली. सहा कोनांची, दोन किलोची, मुठीत नीट बसणारी. ज्या वजनांनी आमच्या आयांना शेंगदाणे आणि साखर मोजून मिळाली, ती आम्ही डोक्यावर उचलायला लागलो. बायकांना फार आवडलं. एकमेकींना चिडवत, सासूचं नाव घेऊन एकेक जोर लावत त्या ती वर नेत.

त्यांत समोरच्या घरची सून होती. समोरच्या घरात राहतात त्या काकू. आमच्या लेआउटमध्ये बारसं असो, डोहाळजेवण असो, पापड घालायचे असोत, काकूंना विचारल्याशिवाय पान हलत नाही. बोलताना त्यांचं बोट वर असतं. त्यांची ही सून घाटंजीकडची, शेतातल्या घरातली. लग्नाआधी कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन बांधावरून पळालेली पोर. वजन उचलताना तिने बाह्या सरसावल्या आणि दंड दिसले, तेव्हा मी पाहतच राहिले. असे दंड मिळावेत म्हणून मी वर्गातल्या मुलींना वर्षानुवर्षं राबवते. पण ती उन्हाळ्यातही मनगटापर्यंतच्या बाह्यांचं ब्लाउज घालायची. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाली, "घरी म्हनतात, गड्यासारखे हात दिसते."

एका सकाळी सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली. तिला पोलीस भरती द्यायची होती. वयाची मर्यादा संपत आली होती, पोरगं चार वर्षांचं झालं होतं, पुस्तकं ती दुपारी चोरून वाचत होती. लेखीचं ती बघून घेणार होती, पण ग्राउंड, म्हणजे धावणं आणि गोळाफेक, तिला कोण शिकवणार? "मॅडम, तुमी शिकवसान का मले?" तिने विचारलं. मी तिला तिथूनच शाळेच्या ग्राउंडवर नेलं.

पहिला गोळा तिने शेण्या फेकाव्या तसा फेकला. तरी तो माझ्या मुलींच्या पुढे पडला. मग मी तिला मान कशी ठेवायची, पाय कसा सरकवायचा, गोळा हनुवटीखाली कसा दाबायचा ते दाखवलं. रोज पहाटे आम्ही दोघी जायला लागलो. थंडीने ओठ फुटायचे, नाकातून वाफ यायची, आणि ही पोर ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत सरसावून गोळा फेकायची. गोळा लांब पडला की स्वतःशीच हसायची. इतक्या वर्षांत मी पुष्कळ मुली खेळवल्या. बहुतेक दहावीनंतर दिसेनाशा झाल्या, मग एखाद्या लग्नात भेटल्या आणि मला पाहून उगाच लाजल्या. ही एक तरी निसटू द्यायची नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आणि मग डिसेंबर संपताना सगळं बंद झालं. कुठल्याशा बारशात काकूंनी निकाल दिला की बाईमाणसाने लोखंड उचलू नये, गर्भपिशवी सरकते. बस्स. दुसऱ्या दिवशी अंगणात अर्ध्याच बायका. आठवड्याभरात एकही नाही. सून तर पहिल्याच दिवशी थांबली. फाटकापर्यंत येऊन म्हणाली, "मॅडम, माह्याकडून नाई होत आता. घरी लय किटकिट होते. हे म्हनतात, आईले इचार. आई म्हनते, नाई." आणि वळून गेली. डोळ्यांत पाणी नव्हतं, ते असतं तर मला बरं वाटलं असतं. भरतीचं तिने मनातून काढून टाकायला घेतलं होतं, आणि ते मला दिसत होतं.

त्याच दुपारी मी खिडकीतून पाहिलं. गॅसवाला सिलिंडर फाटकात टाकून गेला आणि तिने तो भरलेला सिलिंडर कमरेवर घेतला आणि जिन्याने वर नेला. मागून पाण्याचा मोठा कॅन नेला. माझं टाळकं सरकलं. मी पायात चपला अडकवल्या आणि समोर गेले.

काकू बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. माणूस म्हणून काकू वाईट नाहीत. माझी आई आजारी होती तेव्हा महिनाभर डबा त्यांच्याकडून आला होता. म्हणून मी आधी गोडीनेच म्हटलं, "काकू, सूनबाईला पुन्हा पाठवत जा. ग्राउंड जवळ आलंय."

"बाईच्या जातीनं लोखंड उचलू नाई, मॅडम. पिशवी सरकते. एकच लेकरू हाये तिले, अजून एक व्हाचं हाये."

"आणि आत्ता सिलिंडर कोणी वर नेला?"

"ते घरचं काम हाये."

"सिलिंडर उचलला तर पिशवी जागेवर राहते आणि दोन किलोचं वजन उचललं की सरकते?"

काकूंनी शेंग टोपलीत टाकली आणि बोट वर केलं. "काम येगळं, शौक येगळा. आमी चार बाळंतपनं काढले मॅडम. तुमाले काय मालूम त्यातलं? तुमचा काय संबंध आला त्याच्याशी?"

सून दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली. आमच्या घरात कचेरीची शुद्ध मराठी बोलायचे, पण राग आला की माझ्या तोंडून गाव बाहेर येतं. "काहून? ज्याले लेकरू नाई त्याले अक्कल नाई का?" असं मी म्हणून गेले. काकू शांतपणे म्हणाल्या, "च्या घ्या." मी चहा घेतला नाही. घरी आल्यावर त्या चहावाचून डोकं दुखलं, पण घेतला नाही ते बरंच केलं.

पंधरवडाभर मी धुमसत होते. मग संक्रांत आली, आणि नेहमीसारख्या नटलेल्या बायका फाटकासमोरून जायला लागल्या. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईशी काकूंचं भिंतीवरून कोर्टापर्यंत गेलेलं भांडण आहे. दोघी एकमेकींच्या सावलीला उभ्या राहत नाहीत. पण त्या दिवशी त्याच बाईने रस्त्यात गाठून काकूंना हळदीकुंकू लावलं आणि प्लास्टिकचा मग पुढे केला. काकूंनी काय करावं? पदर पसरून तो घेतला. मी अंगणातून पाहत होते. मागून कुणीतरी कुजबुजली तर काकू मोठ्यांदा म्हणाल्या, "वाणाले नाई म्हनू नये. वाण परत केलं का घरचं सौभाग्य जाते."

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाण नाकारता येत नाही. परत करता येत नाही. फेकताही येत नाही. मग मी वाण देणार. लोखंडाचं. जे लोखंड काकूंनी सुनेच्या हातातून काढून घेतलं, ते त्यांच्याच पदरात घालणार, सुनेच्याही पदरात घालणार, आणि मग बघू कोण कोणाला उचलू नको म्हणतं. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी एकटीच हसत बसले.

भंगारवाल्याकडची होती नव्हती तेवढी वजनं मी उचलून आणली. पॉलिश पेपरने गंज घासला. हात सोलले, नखांत लाल चूर बसला. मग ऑइल पेंटचा पिवळा हात दिला आणि वर लाल ठिपका. गच्चीवर ओळीने वाळत ठेवली तेव्हा ती देवासारखी दिसायला लागली. तिळगूळही घरीच केला. तो इतका कडक झाला की त्यानेसुद्धा व्यायाम झाला असता. मग मी घरोघरी बोलावणं करायला निघाले.

"तुमच्याकडे हळदीकुंकू, मॅडम? कायचं?" पहिल्या घरातच प्रश्न आला.

"संक्रांतीचं. दुसरं कायचं असतं या दिवसांत? वाण घ्यायला या."

"अवं माय! पन कोनाच्या हातानं?"

"माझ्या. दोन आहेत मला."

ती हसली. पुढच्या घरातही हसल्या. तिसऱ्या घरात विचारलं, पूजा-बिजा हाये का काही. मी या हसण्यातून काही समजून घ्यायला हवं होतं, पण मी घोड्यावर होते. काकूंच्या घरी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "येऊ नं. काहून नाई येनार?" आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. सून आत कणीक मळत होती, तिने वर पाहिलं नाही.

आल्या मात्र सगळ्या. माझं हळदीकुंकू बघायला न आलेली बाई लेआउटमध्ये उरली नसेल. अंगणात सतरंजी घातली होती, फाटकाला तोरण होतं, मी स्वतः आईची हिरवी साडी नेसले होते आणि त्यात मला चालता येत नव्हतं. बोरं, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे ताटात काढून ठेवले होते. गप्पा झाल्या, नाव घ्यायचा आग्रह झाला, एकीने घेतलंही. मग मी आतून मोठी परात आणली. वरचं फडकं काढलं. पिवळीधमक वजनं बघून आधी कुणाला काही कळलंच नाही. मग एक जण ओरडली, "अवं, हे तर आपले वजनं!" आणि हशा पिकला. पहाटेच्या सगळ्या जणी हसत होत्या, आणि त्या हसण्यात मला आमचं अंगण परत ऐकू आलं.

मी हळदीकुंकवाचा करंडा उचलला. पहिला मान काकूंचा. त्यांच्यासमोर उभी राहिले, बोट कुंकवात बुडवलं.

"थांबा," काकू म्हणाल्या.

हसणं थांबलं. त्या ओरडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. एखाद्या पोराला हिशोब समजावून सांगावा तशा बोलल्या. "मॅडम, एक तर लोखंड. ते कोनी वाण देत नाई. पन ते सोडा. वाण सवाष्नीच्या हातचं असते. तुमी सवाष्न नाई. मंग हे वाण कसं होईन? हे घेतलं काय अन् नाई घेतलं काय, सारखंच. बोरं खाऊ, तिळगूळ खाऊ, खुशीनं जाऊ. रागावू नका."

मी कुंकवाचं बोट तसंच घेऊन उभी राहिले. त्यांचं बरोबर होतं. ज्या नियमाच्या जोरावर मी हा सगळा घाट घातला होता, त्या नियमात मी नव्हतेच. इतकी वर्षं त्यात नाही म्हणून मिरवलं, आणि ऐन वेळी त्याच्यावरच भार टाकायला गेले. कोनाच्या हातानं, असं पहिल्या घरातच विचारलं होतं की मला. मला लाज वाटली नाही. राग आला. इतका राग की कान तापले. माझ्या अंगणात, मी सोललेल्या हातांनी घासलेलं लोखंड, आणि ते द्यायला माझा हात चालत नाही! माझ्याजवळ बोलण्यासारखं खूप होतं. मी शाळेत शेकडो पोरांना एका शिट्टीत उभं करते. पण इथे मी बोटाचं कुंकू आईच्या साडीला पुसलं. बायका आपापल्या चपला कुठे काढल्या ते नजरेने शोधायला लागल्या.

मग सतरंजीच्या टोकाला हालचाल झाली. काकूंची सून उठली. मांडीवर झोपलेलं पोरगं तिने शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि बायकांच्या मधून वाट काढत पुढे आली. माझ्यासमोर येऊन तिने हात पुढे केला.

"करंडा द्या, मॅडम."

काय करायला निघालीये ते माझ्या ध्यानात आलं, आणि खरं सांगते, क्षणभर मला तेही नको वाटलं. माझ्या वाणाला दुसरीच्या कुंकवाचा शिक्का कशाला? पण तिचा हात माझ्यासमोर होता. ज्या हाताला गोळा कसा धरायचा ते मी शिकवलं, तो हात. तो मागे जात नव्हता. मी करंडा दिला. तिने आधी मलाच कुंकू लावायला बोट उचललं. मी मान मागे घेतली. "मले नको लावू. मी आहो तशी बरी आहो," मी म्हटलं. ती हसली आणि तिने बोट खाली घेतलं.

मग ती सासूकडे वळली. "आई, मी तं आहो नं सवाष्न? माह्या हातचं तं चालते?"

काकू उठून उभ्या राहिल्या. घरच्या सुनेच्या हातचं वाण नाही म्हणणार कसं? सगळं लेआउट बसलं होतं, कोपऱ्यावरची ती बाईसुद्धा. मुलाचं आयुष्य त्या कुंकवात होतं. सुनेने त्यांच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, वाकून पायाला हात लावला. मग परातीतून एक वजन उचललं, त्याच्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि पुढे धरलं.

"पदर घ्या, आई. दोन्ही हातानं धरा, जड हाये."

काकूंनी पदर पसरला. वजन पदरात पडलं आणि काकूंचे हात खाली गेले, खांदे खाली गेले. मग त्यांनी ते सावरून पोटाशी धरलं. त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकू कुणासमोर बोट वर न करता उभ्या असलेल्या मी पाहिल्या.

"अजून एक सांगाचं होतं," सून म्हणाली. आवाज बारीक होता, पण फाटकापर्यंत ऐकू जात होता. "उद्या पहाटे मी मॅडमसोबत ग्राउंडवर जाऊन राह्यली. रोज जाईन. इचारून नाई राह्यली, आई. सांगून राह्यली."

मग काकू म्हणाल्या, "अन् लेकरू?"

"ते तुमच्याजोळ झोपीन."

एवढं बोलून ती पुढच्या बाईकडे वळली. तिलाही हळदीकुंकू लावलं, तिच्याही पदरात वजन घातलं. मग तिसरीकडे. माझ्या हाताला काही काम उरलं नव्हतं, म्हणून मी परात उचलून तिच्या मागे मागे चालले. एकीनेही नाही म्हटलं नाही.

काकूंनी मात्र ग्राउंडला हो म्हटलं नाही. आजपर्यंत म्हटलेलं नाही. आम्ही थांबलो नाही.